समोरच्या बाजूनं

अक्का, तुझ्या जागेवर लावलेला दिवा आज आठव्या दिवशीही जळतो आहे, आणि वाती अजून तुझ्याच आहेत. म्हणजे तुझ्या मुलींनी वळलेल्या. तुझी भावजय काल वाती शोधायला माळ्यावर चढली आणि हसत-रडत खाली आली. वेताच्या तीन टोपल्या काठोकाठ भरलेल्या! "ह्या घरात आता सात पिढ्यांना वात वळावी लागायची नाही," म्हणाली. मला मात्र त्या टोपल्या पाहून हजेरीपट पाहिल्यासारखं वाटलं. एवढ्या मुली आपल्या परसदारच्या पडवीत येऊन गेल्या, आणि त्यांचा कागदोपत्री पुरावा म्हणशील तर ह्या वाती.

मी कल्याणच्या सरकारी मराठी शाळेचा हेडमास्तर. शिकणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव पटावर असलं पाहिजे, हा माझा धर्म. आणि माझ्याच घराच्या मागच्या अंगाला इतकी वर्षं एक शाळा चालली, तिला पट नाही, घंटा नाही, फळा नाही. कोणी विचारलं तर मुली सांगायच्या, "अक्कांकडे वाती वळायला जातो." पुढं पुढं गावात त्या शब्दाचा अर्थच बदलला. "आमची धाकटीही वाती वळते बरं का," असं बायका एकमेकींना विहिरीवर हळूच सांगायच्या, आणि ऐकणारीला जे कळायचं ते कळायचं.

सध्या जो तो येऊन मला सांगतो, देवमाणूस गेलं. मी मान डोलावतो. पण तू देवमाणूस वगैरे नव्हतीस, अक्का. तू हट्टी होतीस, जिभेनं तिखट होतीस, आणि वादात माझी सरशी व्हायला लागली की "चल, पान वाढलंय" म्हणून उठायचीस. त्यामुळे आपला एक वाद अर्धाच राहिला. तो आज पुढं न्यायला बसलो आहे. शिवाय एक गोष्ट कबूल करायची आहे. ती तुला ठाऊक होती हे मला ठाऊक आहे. तरी तोंडानं मी ती कधी बोललो नाही, आणि तू असेपर्यंत बोलायला हवी होती.

मी पाच वर्षांचा होतो, तू आठांची. बाबा मला ओटीवर मांडीशी घेऊन बसत. पुढ्यात धूळपाटी. तांबड्या मातीची भुकटी पसरायची, बोटानं अक्षर काढायचं, पाटी हलवली की अक्षर पुसलं. मुलीनं बाबांच्या शेजारी येऊन शिकायला बसणं ही तर अशक्य गोष्ट. पण समोर बसून वाती वळायला कोणाची हरकत असणार? तू पाटीच्या पलीकडे भिंतीला टेकून बसायचीस, मांडीवर कापूस. एकदा मी 'ढ'वर अडलो. बाबांनी छडी उचलली, आणि तू वातीवरची नजर न काढता पुटपुटलीस, "ढ, ढगातला." बाबांना वाटलं मीच बोललो. माझा मार चुकला. तेव्हापासून मला माहीत होतं, अक्का. मला कळलंच नव्हतं असं म्हणायची सोय मी पुढं पुष्कळ वेळा करून घेतली, पण मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं.

नवव्या वर्षी तुझं लग्न झालं, अकराव्या वर्षी तू परत आलीस आणि पुन्हा त्याच भिंतीला टेकून बसलीस. मी तोवर मोडीला लागलो होतो, मग तूही लागलीस. बाहेर कोणाला पत्ता नाही. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बाईचा नवरा जगत नाही, असं तेव्हा सर्रास म्हणत. तुझा तर गेलाच होता. तुला अक्षर येतं हे बाहेर फुटलं असतं तर त्या बिचाऱ्याचं मरण लोकांनी तुझ्या माथी मारलं असतं. बाबांना हीच भीती होती, हे मला फार उशिरा उमगलं. मला वाटायचं, त्यांना नुसता जुनेपणाचा हट्ट आहे.

मग तू चातुर्मासात आळीतल्या बायकांना पोथी सांगायला लागलीस. तुझं बोट पानावर भलतीकडेच फिरायचं, उजवीकडून डावीकडे आणि खालून वर. बायका कौतुकानं म्हणायच्या, "अक्कांना सगळं पाठ आहे हो. बोट आपलं उगाच फिरवतात." मीही ते लांबून पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, काय बेमालूम सोंग घेते! अक्षर येतं ते लपवायला बोट मुद्दाम वेडंवाकडं फिरवते, असा माझा समज. स्वतःच्या हुशारीवर मी खूष होतो.

त्या दिवसांत माणसं मोजायची खानेसुमारी आली. सरकारनं आम्हा मास्तर लोकांच्याच हाती कागद देऊन घरोघर पाठवलं. आपलं घर मी शेवटी ठेवलं होतं. बाबा ओटीवर बसलेले, मी डेस्कावर कागद घेऊन, तू समोर तांदूळ निवडत. प्रत्येक नावापुढं एक रकाना होता, लिहिता-वाचता येतं की नाही. तुझ्या नावाशी येऊन माझी लेखणी थांबली.

"त्यात थांबायचं काय?" बाबा म्हणाले. "आमच्या घरात बायकांना अक्षर नाही. लिही."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू सुपातला खडा उचलून बाहेर टाकलास आणि म्हणालीस, "तुला दिसतं ते लिही, विन्या."

मी 'नाही' लिहिलं. त्याच महिन्यात ठाण्याला टेंभीवरच्या एका सभेत मी स्त्रीशिक्षणावर तासभर बोललो होतो आणि टाळ्या घेऊन आलो होतो. घरी येऊन सख्ख्या बहिणीच्या नावापुढं 'नाही' लिहिलं. कागद माझ्याकडे तोंड करून होता. तू समोर. काय लिहिलं ते तुला दिसलं नसणार असं मी धरून चाललो, आणि पुढचं नाव घेतलं.

आठवड्याभरानं तू कधी नव्हे ती शाळेतल्या मुलांसाठी मी लिहिलेले कित्ते उचलून पाहिलेस. म्हणालीस, "कुणी काही म्हणो, 'नाही' लिहावं तर आमच्या मास्तरांनी. काय वळण!" तो शब्द कित्त्यातलाच समजून मी फुगलो. माझं मोडी अक्षर गावात नावाजलेलं होतं. बायकोलाही मी ते कौतुक सांगितलं.

बाबा गेले आणि वर्षभरात तुझी पडवी भरायला लागली. पहिली आली कृष्णी, दोन घरं सोडून राहणाऱ्या कारकुनाची मुलगी. कपाळ तुझ्यासारखंच लहान वयात पुसलेलं. मग तिच्या मागून तिघी, मग आठ. तू परसाकडे पाठ करून बसायचीस, मुली समोर, मध्ये धूळपाटी. तीच, बाबांची.

आणि इकडे बाजारपेठेत मुलींची सरकारी शाळा निघाली होती. तिच्यासाठी मी किती उंबरे झिजवले ते तू पाहिलंस. अर्धे बाक रिकामे. माझ्या मस्तकात तिडीक जायची.

"तिकडे शाळा ओस पडलीय आणि तू घरात हे दुसरं दुकान मांडलंस!" मी एकदा ताटावरच बोललो.

"दुकान तर दुकान. फुकट माल देते."

"चेष्टा नको. पाठव सगळ्यांना शाळेत."

"अरे, कृष्णीचा बाप तिला आळीच्या तोंडापर्यंत जाऊ देत नाही. तो तिला भर बाजारातून पाठवील?"

"बापाला समजावलं पाहिजे."

"समजाव की. मी कुठं अडवते? पण तुझं समजावून होईपर्यंत तिनं काय करायचं? ताटकळत बसायचं? तिचे केस पिकतील रे तोवर."

मी माझी बाजू सोडली नाही. ती मला आजही खरी वाटते, म्हणून पुन्हा सांगतो. घरी शिकणं ही ज्यांच्या घरी कोणी शिकलेलं आहे त्यांची चैन. मिठागरात राबणाऱ्याच्या पोराला घरी कोण शिकवणार? दिवा गावच्या खाजणातल्या, मानपाड्याच्या शेतातल्या पोरांना कोण शिकवणार? प्रत्येक शहाण्यानं आपलं पोर आपल्या पडवीत शिकवलं तर सरकारी शाळेकडे बघणार कोण? म्हणून सगळ्यांना मिळून एक दार हवं.

तू तेव्हा जे म्हणालीस ते माझ्या कानात अजून आहे. "विहीर तू जरूर खण. सगळ्या गावाची खण. पण घरच्या आडाचं पाणी प्यालेल्याला तू तहानलेला म्हणून लिहू नकोस." मग थोडं थांबून, "आणि एक दार एक दार म्हणतोस, तर त्या दाराबाहेर ओट्यावर गोणपाट टाकून बसवलेली पोरं कोणाची आहेत रे, मास्तर?"

ते मला झोंबलं. गावकऱ्यांच्या विटाळाच्या बोंबेला भिऊन मीच त्यांना ओट्यावर बसवलं होतं. मी उलट वार केला. परसदारी म्हावरं घेऊन येणारी येसू कोळीण एकदा टोपली टेकून तुला म्हणाली होती, "बाय, माजी धाकली पन बसंल गो तुज्या पोरींत. ती कई बोलाची नाय, निस्ती बगंल." तू हो म्हणालीस, पण तिला बसवलंस कुठं? तुझ्या पाठीमागं, परसाच्या पायरीवर. मी म्हटलं, "माझा ओटा दिसतो, तुझी पायरी दिसत नाही?"

तू ताट उचलून उठलीस. "ऊठ, हात धू."

कृष्णी पंधरा वर्षांची झाली तेव्हा गोष्ट निकराला आली. पुण्यात मास्तरणी तयार करण्याची शाळा निघाली होती. कृष्णीचा मामा पुण्यात, तो तिला ठेवून घ्यायला राजी. बाप आढेवेढे घेत घेत एवढ्यावर आला की "सरकारनं लिहून दिलं तर मी कोण नाही म्हणणारा?" लिहून द्यायचं म्हणजे सरकारी परीक्षा उतरल्याचा दाखला. आणि परीक्षा कोणाची, तर जिचं नाव शाळेच्या पटावर आहे तिची. दाखला नसेल तर कृष्णी जन्मभर त्याच घरात खालमानेनं भाकऱ्या थापणार, हे तुला आणि मला दोघांनाही दिसत होतं.

मी तोडगा काढला. "महिनाभर तिचं नाव मुलींच्या शाळेच्या पटावर चढवतो. हजेरी मांडतो. कोण बघतंय?"

"नको."

"अगं, तिचं भलं होतंय त्यात!"

"ती घरी शिकली. घरी शिकली असंच लिहिलं पाहिजे. खोटं लिहून का खरं शिक्षण दाखवायचं असतं, विन्या?" तू माझ्याकडे टक लावून बघत होतीस. ती नजर मला तेव्हा नुसती रागाची वाटली.

शेवटी मी शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांना गळ घातली. वार्षिक परीक्षेला ते ठाण्याहून आगगाडीनं आले होते. माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचा नाही. "जेवायला येतो, मास्तर. बाईंचा वर्ग पाहीन. पाहण्यापलीकडे मात्र काही कबूल करत नाही," असं म्हणून आले. जेवणं झाली, मी त्यांना पडवीत पाटावर बसवलं. तू डोक्यावरून पदर ओढून तुझ्या जागी, त्यांच्या बरोबर समोर. मुली एका बाजूला भिंतीशी.

तिनं सरकारी तिसरं पुस्तक वाचलं. घडाघडा वाचलं. बाकीच्यांनीही वाचलं. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या मात्र वाढत चालल्या. इतकं चांगलं वाचणं त्यांना संशयास्पद वाटलं असावं. त्यांनी पुस्तक बंद केलं, मधलंच एक पान उघडून तुझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाई, जरा आपण वाचा."

तू पुस्तक हातात घेतलंस आणि अगदी सहज, रोजच्या सवयीनं, उलटं केलंस. पुठ्ठ्यावरचं नाव खाली डोकं वर पाय.

साहेब हसले. मोठ्यांदा नाही, पण हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो मास्तर, बाईंना पुस्तक धरताही येत नाही! मुलींना सगळं पाठ करून घेतलंय." त्यांनी पुस्तक काढून घेतलं, मांडीवर कागद घेतला आणि शेरा लिहायला लागले.

अक्का, मला तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो, साहेब, हिनं मला 'ढ' सांगितला. हिला मी जेवढं शिकलो तेवढं सगळं येतं. कृष्णीचं अख्खं आयुष्य त्या कागदावर उतरत होतं आणि मी काय केलं? मी घसा खाकरला आणि त्यांच्यापुढं पानाचं तबक सरकवलं. ह्या डेप्युटीच्या शेऱ्यावर माझी बढती होती. शिवाय खरं सांगतो, ते उलटं पुस्तक पाहून क्षणभर मलाही शंका आली.

आणि मग तुझा आवाज आला. पोथी सांगतानाचा, सावकाश.

"'घरगुती जमाव. मुली पाठ म्हणतात. शिकविणारीस अक्षरओख नाही.'"

साहेबांची लेखणी जागच्या जागी थांबली.

तू पुढं म्हणालीस, "ओळखीतला 'ळ' राहिलाय, साहेब. 'ओख' झालंय."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. ओली शाई, मोडी अक्षर, तोंड त्यांच्याकडे. 'ळ' खरोखरच राहिला होता. त्यांनी कागदाकडे, मग तुझ्याकडे, मग दोघांमधल्या त्या हातभर अंतराकडे पाहिलं. भिंतीशी एक मुलगी फिसकन हसली आणि तोंडात पदर कोंबला.

"कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं. आवाज पार बदललेला.

"समोर बसून," तू म्हणालीस.

तुला शिकवायला तुझ्या बाजूला कोणी बसलंच नव्हतं. म्हणून जे समोरून दिसलं ते तू घेतलंस, उलटं तर उलटं. आम्हाला अक्षरं रेघेला लटकलेली दिसतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. तुला ती रेघेवर पाय रोवून उभी दिसत होती. पोथीवर बोट उजवीकडून डावीकडे फिरायचं ते सोंग नव्हतं, ते तुझं वाचणं होतं. आणि त्याहून नवल म्हणजे, मुली समोर बसल्या की पुस्तक त्यांच्याकडे सुलटं असायचं आणि तुझ्याकडे तुला हवं तसं. धूळपाटीवर तू तुझ्या बाजूनं अक्षर काढायचीस आणि ते समोरच्या पोरीला सरळ दिसायचं. मी जन्मभर मास्तरकी केली, ट्रेनिंग घेतलं, अध्यापनाच्या रीतींवर निबंध लिहिले. शिकणाऱ्याच्या बाजूनं अक्षर लिहिणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. त्या दुपारी मला तुझ्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि साहेबांसमोर ते बरं दिसणार नाही म्हणून ठेवलं नाही.

साहेबांनी शेरा खोडला. कृष्णीला आपल्या पिशवीतलं एक पत्र काढून दिलं, तिनं कधी न पाहिलेलं. तिनं वाचलं, मग हिशेब सोडवले, मग शुद्धलेखन. तासभर ते उठले नाहीत. जाताना त्यांनी दारात जोडे घालता घालता तुला वाकून नमस्कार केला.

आणि मी? मी तिथं उभा होतो आणि मला तुझे ते शब्द आठवले. 'नाही' लिहावं तर आमच्या मास्तरांनी. काय वळण! डेस्कावर कागद, मी ह्या बाजूला, तू समोर तांदूळ निवडत. तू पाहिलं होतंस, अक्का. शाई ओली असतानाच वाचलं होतंस. तरी माझ्या पानात तूप वाढत राहिलीस, माझे कित्ते वाखाणलेस, आणि मी खोटी हजेरी मांडायला निघालो तेव्हा माझ्याकडे तशी टक लावून पाहिलंस.

त्यानंतर माफी मागायचे किती दिवस आले आणि गेले. एकदा तर मी अगदी सुरुवात केली, "अक्का, ते खानेसुमारीचं..." तू म्हणालीस, "विन्या, चुलीवर दूध आहे, बघ जरा." दूध चुलीवर नव्हतंच. तू मला सोडवलंस की अडकवून ठेवलंस हे मला आजतागायत कळलेलं नाही.

कृष्णी पुण्याला गेली ती साहेबांच्या खासगी पत्रावर. त्यांनी वर लिहूनही पाहिलं, की घरी शिकलेल्या मुलांची परीक्षा घ्यावी, त्यांची वेगळी नोंद व्हावी. वरून एका ओळीचं उत्तर आलं, पटावर नसलेल्यांची परीक्षा घेण्याची तजवीज नाही. मी ते तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "मग तजवीज करायला सांग. तोवर आम्ही वाती वळतो."

धाकलीची गोष्ट मात्र तू कोणाला सांगू दिली नाहीस. आता सांगतो. साहेब येऊन गेल्यावर दोन-चार महिन्यांनी तू पाटीवर एक शब्द काढलास आणि समोरच्या मुली अडल्या. तुझ्या पाठीमागून, पायरीवरून आवाज आला, "होरी." पाटीवर 'होडी' लिहिलेलं होतं. येसूची धाकली तिच्या बोलीत वाचत होती. तू वळून पाहिलंस. ती तुझ्या मागं बसायची, म्हणजे पाटी तिला तुझ्याचसारखी दिसायची, उलटी. वर्षभरात ती पोर उलटं वाचायला शिकली होती, आणि तिला तसं शिकायला लावणारी तू होतीस. तुझा चेहरा मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला. माझ्यावर तू कधी रागावली नसशील इतकी तू त्या दिवशी स्वतःवर रागावलीस. उठलीस, पायरीवर गेलीस, तिचा हात धरून तिला आणलंस आणि कृष्णीच्या रिकाम्या जागेवर, अगदी समोर बसवलंस.

"बाय, मी हतंच बरी," ती म्हणत होती.

"तिथं बसून मी शिकले, तेवढं पुरे झालं," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी चार मुली आल्या नाहीत. महिन्याभरानं तीन परतल्या. आणि मी पुढच्या सोमवारी शाळेच्या ओट्यावरची गोणपाटं आत घेतली. गावात बोंब झाली, वर अर्ज गेले, माझी बढती लांबली. तुझ्या पायरीवरून मी तुला टोमणा मारला होता, आणि ती रिकामी झालेली पाहून मला माझा ओटा तसाच ठेवणं जमेना. हे तुला मी कधी बोललो नाही. तू विचारलंसही नाहीस. त्या रात्रीच्या जेवणात सांज्याची पोळी तेवढी होती.

आपला वाद अजून मिटलेला नाही. सगळ्यांना एक दार हवं, हे मी आजही म्हणतो. आज मला एवढंच कळतं, की दाराशी बसलेल्या माणसानं आत आलेल्यांचीच मोजदाद करून गाव मोजलं असं म्हणू नये. मी दाराशी बसलो होतो आणि माझ्याच घरातली मोजदाद चुकवली होती.

परवा म्युनिसिपालटीच्या कचेरीत तुझी नोंद करायला गेलो. मृत्यूचं पुस्तक. कारकून माझाच जुना विद्यार्थी, अदबीनं बसवून घेतलं. नाव विचारलं, वय विचारलं, दुखणं विचारलं. पुढं त्यानं काही विचारलं नाही, नुसतं लिहीत गेला. मी समोर बसलो होतो. पुस्तकाचं तोंड त्याच्याकडे.

मी पुढं वाकलो. आधी नुसत्या मुंग्या दिसल्या. मग रेघ सापडली, पायाखाली. मग उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर लावत गेलो, पहिलीतल्या पोरासारखा, ओठ हलवत. कारकून चमकून बघायला लागला. घाम फुटला मला, अक्का. तू हे आठव्या वर्षी केलंस, कोणी न सांगता, हातानं वाती वळत. धंदा, असा रकाना होता. त्यापुढं त्यानं लिहिलं होतं, 'नाही'. वळण झकास होतं. मीच गिरवून घेतलेलं.

"ते खोड," मी म्हणालो.

"मास्तर, बायकांच्या रकान्यात आम्ही तसंच..."

"खोड. शिकवणे, असं लिही."

त्यानं खोडलं. लेखणी शाईत बुडवून विचारलं, "कुठल्या शाळेत, मास्तर?"

"घरी," मी म्हणालो. "आणि मला लिहिता-वाचता येतं त्यातलं पहिलं अक्षर तिनं सांगितलेलं आहे. त्याला तुझ्या पुस्तकात रकाना नसेल, पण तू ऐकून ठेव."

तो लिहायला लागला. मी जागचा हललो नाही, त्याच्या बाजूला जाऊन बघितलं नाही. समोरूनच वाचलं, शाई ओली असताना, दोन्ही शब्द. अक्का, अक्षरं तिकडून खरंच उभी दिसतात.